कचेरीच्या संगणकांतील नांवनिशी व अधिकारवांटणी

कोणतीहि संस्था सुरळीत चालावयाची असेल, तर तीत दोन प्रश्नांचीं उत्तरें आधीं ठरलेलीं असावीं लागतात. येथें कोणकोण आहेत, हा पहिला प्रश्न. आणि त्यांपैकीं कोणास काय करण्याचा अधिकार आहे, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर हजेरीपटांत सांपडतें, दुसऱ्याचें किल्ल्यांच्या जुडग्यांत. आपल्या शाळेंतच पाहा. प्रयोगशाळेची किल्ली विज्ञानाच्या शिक्षकांजवळ असते, पुस्तकांच्या कपाटाची ग्रंथपालांजवळ, आणि प्रश्नपत्रिका ज्या कपाटांत असतात त्याची मुख्याध्यापकांजवळ. शिपाई सर्वांच्या आधीं येऊन दारें उघडतो, म्हणून त्याच्याजवळ दारांच्या किल्ल्या असतात. परंतु प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली त्याला कोणी देत नाहीं. ह्यांत त्याच्या प्रामाणिकपणाविषयीं संशय मुळींच नसतो. त्या किल्लीचें त्याच्या कामांत प्रयोजन नसतें, इतकेंच.

पूर्वीं कचेरीचे कागद लोखंडी कपाटांत असत. आतां ते बहुतेक संगणकांत असतात. आपल्या नागपुरांत वेस्टर्न कोलफील्ड्स ह्या कोळसा कंपनीचें मुख्य कार्यालय आहे, १९५८ सालीं स्थापन झालेली नीरी ही पर्यावरणविषयक संशोधनसंस्था आहे, बँकांचीं मोठमोठीं कार्यालयें आहेत, आणि विमानतळालगतच्या मिहानमध्यें संगणकाचाच व्यवसाय करणाऱ्या कंपन्या आहेत. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं पुष्कळांचे वडील, आई, काका किंवा मावशी अशाच एखाद्या कचेरींत जात असतील, आणि सकाळीं खुर्चीवर बसतांच प्रथम आपलें नांव व पासवर्ड संगणकास सांगत असतील. त्या क्षणीं पडद्यामागें काय घडतें, आणि तें नीट न घडल्यास कोणाचें काय बुडतें, हें ह्या लेखांत पाहावयाचें आहे.

१. नांवनिशीची वही

डिरेक्टरी हा शब्द तुमच्या आजोबांस टेलिफोनच्या जाड पुस्तकावरून ठाऊक असेल. त्यांत गांवांतील टेलिफोनधारकांचीं नांवें, पत्ते व क्रमांक अनुक्रमानें छापलेले असत. संगणकजाळ्यांतील डिरेक्टरी ही त्याच जातीची वही होय. फरक इतकाच कीं, ती सर्व्हर नांवाच्या मुख्य संगणकांत असते, आणि नुसता पत्ता सांगून न थांबतां आलेल्या माणसाची ओळख पटविण्याचें कामहि करते. ह्या वहींत कचेरींतील प्रत्येक माणसाचें एक खातें असतें. नांव, हुद्दा, शाखा, वरिष्ठ अधिकारी कोण, खातें चालू आहे कीं बंद, इत्यादि गोष्टी त्यांत नोंदलेल्या असतात.

ही कल्पना एकाएकीं निघाली नाहीं. एकाच संगणकावर अनेकांनीं एकाच वेळीं काम करावें, अशी सोय अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंत फर्नांडो कॉर्बाटो ह्यांच्या नेतृत्वाखालीं तयार झाली, आणि १९६१ सालीं तिचें पहिलें प्रात्यक्षिक झालें. संगणक एक व माणसें अनेक, अशी स्थिति होतांच कोणाचे कागद कोणते हा प्रश्न उभा राहिला, आणि प्रत्येकास निराळें खातें व गुप्त शब्द देण्याची रीति सुरू झाली. १९६६ सालीं तेथेंच एक चमत्कारिक प्रकार घडला. दोन फाइलींची अदलाबदल होऊन, लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या यंत्रावर रोजच्या सूचनेऐवजीं सर्वांचे पासवर्ड छापून येऊं लागले! कुलूप जन्मास आल्यावर थोड्याच वर्षांत त्याच्या किल्ल्या रस्त्यावर सांडल्या, असेंच म्हणावयाचें.

पुढें काळ पालटला. एका संगणकावर अनेक माणसें हा प्रकार मागें पडून एका कचेरींत शेंकडों संगणक आले. प्रत्येक संगणकावर प्रत्येकाचें निराळें खातें ठेवणें अशक्य झालें, तेव्हां सर्व संगणकांनीं एकाच वहीस विचारावें असें ठरूं लागलें. १९८८ सालीं अशा वहीचा एक्स.५०० ह्या नांवाचा आंतरराष्ट्रीय नमुना प्रसिद्ध झाला. तो फार अवजड वाटल्यामुळें मिशिगन विद्यापीठांत १९९३ च्या सुमारास त्याच्याशीं बोलण्याची एलडॅप नांवाची सुटसुटीत पद्धति तयार झाली. आणि २००० सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज २००० बरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी बाजारांत आणली. आज कचेऱ्यांतून हीच विशेष आढळते. ओपनएलडॅप व सांबा ह्यांसारखीं विनामूल्य मिळणारीं साधनेंहि आहेत. परंतु तत्त्वें सर्वत्र तींच.

२. नांव बदलतें, क्रमांक बदलत नाहीं

कचेरींत एकाच नांवाचीं दोन माणसें असूं शकतात. विवाहानंतर एखादीचें आडनांव बदलतें. म्हणून वही नांवावर विसंबून राहत नाहीं. खातें उघडतांच ती त्यास एक लांबलचक क्रमांक देते. तो क्रमांक पुन्हां दुसऱ्या कोणासहि मिळत नाहीं, आणि कपाटावर अधिकाराची नोंद होते ती नांवाची नव्हे, ह्या क्रमांकाची. त्यामुळें आडनांव बदललें तरी अधिकार जसेच्या तसे राहतात.

ह्याचा एक परिणाम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. समजा, एखादा मनुष्य नोकरी सोडून गेला आणि घाईनें त्याचें खातें पुसून टाकलें. महिन्याभरानें तो परत आला, म्हणून त्याच नांवाचें खातें पुन्हां उघडलें. आपणांस तें तेंच वाटतें. संगणकास मात्र तो सर्वस्वी परका मनुष्य असतो, कारण क्रमांक नवा आहे. जुनीं कपाटें त्यास उघडत नाहींत. शिवाय मागील कागदांवर 'हें कोणी लिहिलें' म्हणून शोध केला तर नांवाऐवजीं ओळख न पटणारा एक आंकडा दिसतो. म्हणून शहाणे व्यवस्थापक खातें आधीं बंद करतात आणि पुष्कळ काळानें, सर्व हिशेब पुरे झाल्यावर, पुसतात. शाळा सोडून गेलेल्या मुलाचें नांव पटावरून कमी करतात, पण जुना पट जाळीत नाहींत. त्यांतलाच हा प्रकार.

३. वर्ग आणि मंडळें

विद्यार्थ्याचा वर्ग एकच असतो. नववीच्या 'अ' तुकडींत बसणारा मुलगा त्याच वेळीं दहावीच्या 'ब' तुकडींत नसतो. परंतु तोच मुलगा क्रिकेटच्या संघांत, गायनमंडळांत व बालवीर पथकांत एकाच वेळीं असूं शकतो. डिरेक्टरींतहि हे दोन्ही प्रकार आहेत. वहीचे जे विभाग पाडलेले असतात ते वर्गासारखे. एक खातें एकाच विभागांत असतें. ग्रूप हे मंडळांसारखे. एक खातें अनेक ग्रूपांत असूं शकतें. पडदा किती मिनिटांनीं आपोआप बंद व्हावा, कोणता प्रिंटर जोडला जावा, असे सर्वसाधारण नियम विभागास लावतात. अमुक फोल्डर उघडण्याची मोकळीक मात्र ग्रूपास देतात.

आतां ती मोकळीक एकेका माणसास परस्पर कां देऊं नये, असें कोणी विचारील. ह्याचें उत्तर अंकगणितांत आहे. समजा, एका कचेरींत ४०० माणसें आहेत आणि कागदपत्रांचीं ५० कपाटें, म्हणजे फोल्डर, आहेत. प्रत्येक माणसाविषयीं व प्रत्येक कपाटाविषयीं होय कीं नाहीं हें ठरवावयाचें म्हटलें तर ४०० गुणिले ५०, म्हणजे २०,००० निर्णय करावे लागतात. त्याऐवजीं कामावरून १० ग्रूप पाडले, तर ग्रूप व कपाटें ह्यांचे ५०० निर्णय आणि माणसें व ग्रूप ह्यांचे ४,००० निर्णय, मिळून ४,५०० होतात. नवा मनुष्य आला तर पन्नास ठिकाणीं विचार न करतां दहाच ठिकाणीं करावा लागतो, आणि तोहि बहुधा एकदोन ग्रूपांत नांव घातलें कीं संपतो.

श्रम वांचतात हा लाभ लहान आहे. मोठा लाभ दुसराच आहे. ग्रूपास नांव असतें, आणि नांवांत कारण असतें. 'लेखाशाखेचे कारकून' ह्या ग्रूपांत असल्यामुळें ह्याला हिशेबाचें फोल्डर उघडतें, असें कोणासहि सांगतां येतें. उलट एखाद्यास तो अधिकार परस्पर दिलेला असेल, तर दोन वर्षांनीं तो कां दिला होता हें देणाऱ्यासहि आठवत नाहीं. आणि ज्याचें कारण आठवत नाहीं तो अधिकार काढून घेण्याचें धैर्यहि कोणास होत नाहीं.

४. दोन थरांची रचना

अनुभवी व्यवस्थापक ग्रूपांचे दोन थर करतात. पहिल्या थरांत माणसांच्या कामावरून पाडलेले ग्रूप असतात. जसे, लेखाशाखेचे कारकून, खरेदीशाखेचे अधिकारी, भांडारपाल. दुसऱ्या थरांत कपाटावरून पाडलेले ग्रूप असतात. जसे, वेतनपत्रकें वाचणारे व वेतनपत्रकांत लिहिणारे. ह्यांत वाचणारे व लिहिणारे असा भेद केलेला आहे, तो महत्त्वाचा आहे. तपासनिसास सर्व वाचावें लागतें, पण त्यानें एक अक्षरहि बदलतां कामा नये.

मनुष्य कामाच्या ग्रूपांत, कामाचा ग्रूप कपाटाच्या ग्रूपांत, आणि कपाटाच्या ग्रूपास अधिकार, हा क्रम पाठ करण्याजोगा आहे. मनुष्य बदलला तर पहिल्या थरांत फेर करावा. कपाट बदललें तर दुसऱ्यांत. एका ठिकाणच्या फेरफारानें दुसरें ठिकाण हालत नाहीं.

ग्रूपाच्या पोटांत ग्रूप घालण्याची ही सोय बेताबेतानें वापरावी लागते. समजा, वार्षिक समारंभाच्या तयारीसाठीं एक ग्रूप केला, आणि त्यांतील मंडळींस पाहुण्यांची यादी दिसावी म्हणून तो सबंध ग्रूप व्यवस्थापकांच्या ग्रूपांत घालून दिला. समारंभ आटोपला, हारतुरे सुकले. पण पाकिटांवर पत्ते लिहिण्यास घेतलेला उमेदवार अजून व्यवस्थापकांचीं सर्व कपाटें उघडूं शकतो. व्यवस्थापकांच्या यादींत त्याचें नांव दिसत नाहीं, कारण तो तेथें स्वतः नसून दुसऱ्या ग्रूपाच्या आडून आलेला असतो. म्हणून यादी तपासतांना ग्रूपाच्या आंतील ग्रूप उलगडून शेवटच्या माणसापर्यंत जावें लागतें.

५. दिवसाचें तिकीट

दर वेळीं पासवर्ड विचारला तर काम होणार नाहीं. म्हणून वही एक युक्ति करते. सकाळीं एकदां ओळख पटली कीं ती त्या माणसास एक प्रकारचें तिकीट देते, आणि मग तो ज्या ज्या कपाटाकडे जाईल तेथें तें दाखवावयाचें. ह्या पद्धतीस कर्बेरॉस म्हणतात. ग्रीक पुराणांतील पाताळाच्या दारावर बसणाऱ्या तीन तोंडांच्या कुत्र्यावरून हें नांव घेतलें आहे. तीहि मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेंत, १९८० नंतरच्या दशकांत, निघाली. रेल्वेच्या तिकिटास जशी मुदत असते तशी ह्यासहि असते; ॲक्टिव्ह डिरेक्टरींत ती मूळची १० तासांची ठेवलेली आहे. संगणकाच्या घड्याळांत सर्व्हरच्या घड्याळाहून ५ मिनिटांपेक्षां अधिक अंतर पडलें, तर तिकीट नाकारलें जातें. जुनें तिकीट चोरून कोणी दुसऱ्या दिवशीं दाखवूं नये, म्हणून ही काळजी.

ह्या तिकिटांतच तो मनुष्य कोणकोणत्या ग्रूपांत आहे ह्याची नोंद असते. त्यामुळें दुपारीं एखाद्याचें नांव नव्या ग्रूपांत घातलें तरी फोल्डर लगेच उघडत नाहीं. एकदां लॉगआउट करून पुन्हां लॉगिन केल्यावर नवें तिकीट मिळतें, तेव्हां उघडतें. 'नांव घातलें असें सांगतात, पण दार उघडत नाहीं' म्हणून जी तक्रार कचेरींत नेहमीं ऐकूं येते, तिचें कारण पुष्कळदां हेंच असतें. ह्याचीच दुसरी बाजू अशी कीं, अधिकार काढून घेतला तरी हातांतील तिकिटाची मुदत संपेपर्यंत तो कांहीं काळ चालूं शकतो. म्हणून तातडीच्या प्रसंगीं खातें बंद करून शिवाय त्या माणसाचे चालू संगणकहि तोडावे लागतात.

६. येणारे, बदलणारे व जाणारे

खात्याच्या आयुष्यांत तीन प्रसंग येतात: मनुष्य नोकरीवर येतो, त्याची बदली होते, आणि तो जातो. येण्याच्या वेळीं चूक क्वचितच टिकते. कारण अधिकार कमी पडला तर तो मनुष्य स्वतःच दहा वेळां येऊन सांगतो. अधिक झालेला अधिकार मात्र कोणी परत आणून देत नाहीं.

बदलीचा प्रसंग सर्वांत फसवा. समजा, खरेदीशाखेंतील एक कारकून बढती मिळून लेखाशाखेंत आला. त्याला लेखाशाखेच्या ग्रूपांत घातलें. परंतु 'जुनें काम अजून थोडें उरलें आहे' म्हणून खरेदीच्या ग्रूपांतून काढलें नाहीं. आतां तोच माल मागविल्याचा कागद करूं शकतो आणि तोच त्याचे पैसे मंजूर करूं शकतो. ज्या दोन हातांनीं एकमेकांस तपासावें म्हणून दोन शाखा केल्या, ते दोन्ही हात एकाच देहास जोडले गेले. अशा चारपांच बदल्या झाल्या म्हणजे कचेरींतील अत्यंत जुन्या व विश्वासू माणसाजवळ अधिकारांचें एवढें ओझें सांचतें कीं, तितकें मुख्य अधिकाऱ्याजवळहि नसतें. बदली म्हणजे जुन्या जागेवरून जाणें आणि नव्या जागीं येणें, ह्या दोन्ही क्रिया होत. दुसरी करून पहिली विसरणें हाच येथला मुख्य दोष.

जाणाऱ्याचें खातें उघडें राहिल्यास काय होतें, ह्याचें उदाहरण सर्व जगानें पाहिलें आहे. अमेरिकेंत टेक्ससपासून न्यू जर्सीपर्यंत पेट्रोल वगैरे इंधन वाहून नेणारी कोलोनियल पाइपलाइन नांवाची सुमारें ८,८५० किलोमीटर लांबीची नळवाट आहे. पूर्व किनाऱ्यास लागणारें जवळजवळ ४५ टक्के इंधन तिच्यांतून जातें. २०२१ च्या मे महिन्याच्या ७ तारखेस खंडणीखोरांनीं त्या कंपनीच्या संगणकांवर हल्ला केल्याचें उघडकीस आलें, आणि कंपनीस सर्व नळवाट बंद करावी लागली. ती १२ मे रोजीं पुन्हां सुरू होऊं लागली. तोंवर अनेक शहरांतून पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. कंपनीनें ७५ बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारें ४४ लाख डॉलर, खंडणी भरली. त्यांपैकीं कांहीं भाग सरकारनें पुढें परत मिळविला. चोर आंत शिरले कोठून? बाहेरून कचेरीच्या जाळ्यांत येण्यासाठीं असलेल्या एका जुन्या, वापरांत नसलेल्या खात्यांतून. त्याला नुसता पासवर्ड होता. मोबाइलवर येणाऱ्या अंकासारखी दुसरी खूण तें मागत नव्हतें. कोणी वापरीत नाहीं म्हणून कोणी पाहत नाहीं, आणि कोणी पाहत नाहीं म्हणून चोरास तें सर्वांत सोयीचें, अशी ही गोष्ट आहे.

७. सर्व किल्ल्या एका हातीं नसाव्या

जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर ह्या दोन संशोधकांनीं १९७५ सालीं एक तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडलें: प्रत्येकास त्याचें काम पुरें होण्यास जेवढा लागेल तेवढाच अधिकार असावा. परंतु ह्या तत्त्वाचा व्यवहार आपल्या महाराष्ट्रास नवा नाहीं. शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांवर एकट्या अधिकाऱ्याच्या हातीं सर्व सत्ता नसे. हवालदार दरवाजे व चाव्या सांभाळी, सरनोबत शिबंदीकडे पाही, सबनीस हजेरी व जमाखर्च लिही, आणि कारखानीस धान्य व सामानाच्या कोठाराची व्यवस्था ठेवी. ज्याच्या हातीं चाव्या त्याच्या हातीं हिशेब नाहीं, आणि ज्याच्या हातीं हिशेब त्याच्या हातीं शिबंदी नाहीं. एक फितला तरी किल्ला जाऊं नये, अशी ही योजना. आजहि बँकेची तिजोरी दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्या लागल्यावांचून उघडत नाहीं, ती ह्याच विचारानें.

हा विचार संगणकांत ढिला पडला म्हणजे काय किंमत द्यावी लागते, हें मुंबईच्या एका प्रकरणावरून समजतें. २०१८ च्या १४ फेब्रुवारीस पंजाब नॅशनल बँकेनें शेअर बाजारास कळविलें कीं, मुंबईच्या एका शाखेंत सुमारें ११,४०० कोटि रुपयांचे अनधिकृत व्यवहार आढळले आहेत. बँकांच्या परदेशांतील शाखांस पाठवावयाचीं हमीपत्रें स्विफ्ट नांवाच्या संदेशयंत्रणेंतून गेलीं. पण बँकेच्या मुख्य हिशेबयंत्रणेंत त्यांची नोंद झालीच नाहीं, कारण त्या दोन यंत्रणा एकमेकींस जोडलेल्या नव्हत्या. एक अधिकारी वर्षानुवर्षें त्याच शाखेंत, त्याच कामावर होता, आणि त्यानें एका सहकाऱ्याशीं संगनमत केलें, असा बँकेच्या तक्रारीचा आशय होता. पुढें रिझर्व्ह बँकेनें सर्व बँकांस ह्या दोन यंत्रणा ३० एप्रिल २०१८ पर्यंत जोडण्याची मुदत दिली. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा, असें नियमांत असून भागत नाहीं. ते दोघे खरोखर निराळे आहेत कीं नाहींत, आणि दोघांच्याहि वर तिसऱ्या कोणाची दृष्टि आहे कीं नाहीं, हें पाहावें लागतें.

ज्याच्या हातीं ही वहीच असते, त्या ॲडमिनिस्ट्रेटरविषयीं तर अधिकच सावधगिरी हवी. तो कोणासहि कोणत्याहि ग्रूपांत घालूं शकतो, अर्थात् स्वतःसहि. म्हणून जाणत्या कचेरींत त्याचीं दोन खातीं असतात. पत्रें वाचण्यासाठीं व रोजच्या कामासाठीं एक साधें. आणि वहींत फेरफार करण्यासाठीं दुसरें, तें तेवढ्याच कामापुरतें उघडावयाचें. असे सर्वाधिकारी दोनतीनच असावे, आणि त्यांनीं केलेल्या फेरफारांची नोंद त्यांच्याहून निराळ्या कोणीं वाचावी.

८. आढावा

घर एकदां झाडून भागत नाहीं. वहीचेंहि तसेंच आहे. दर तीन महिन्यांनीं प्रत्येक ग्रूपाची यादी त्या शाखेच्या प्रमुखाकडे पाठवावी, आणि 'ह्यांपैकीं कोणाचें काम आतां येथें उरलें नाहीं?' असें विचारावें. संगणकाच्या माणसास यादी करतां येते. तीत कोण असावें हें शाखाप्रमुखच जाणतो. त्याबरोबरच नव्वद दिवसांत ज्यांनीं एकदांहि लॉगिन केलें नाहीं अशीं खातीं निराळीं काढून, तीं बंद कां करूं नयेत ह्याचें कारण मागावें. माणसांसाठीं नसून यंत्रांसाठीं उघडलेलीं खातीं, जसें रात्रीं नकला काढून ठेवणाऱ्या कार्यक्रमाचें, हीं विशेष तपासावीं. कारण तीं राजीनामा देत नाहींत आणि त्यांचा कोणी वाली नसतो. अशा प्रत्येक खात्याच्या नांवापुढें जबाबदार माणसाचें नांव लिहिलेलें असावें.

कायदाहि ह्या बाबतींत जागा आहे. भारत सरकारच्या सर्ट-इन ह्या संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं काढलेल्या आदेशाप्रमाणें संस्थांनीं आपल्या संगणकयंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवावयाच्या असतात, आणि ठराविक प्रकारचे हल्ले लक्षांत आल्यापासून ६ तासांच्या आंत कळवावयाचे असतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी अन्वयें दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणें वापरणें हा गुन्हा असून त्यास ३ वर्षांपर्यंत कैद व १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. मित्राचा पासवर्ड घेऊन केलेली 'गंमत' ह्या कलमाच्या किती जवळ जाते, ह्याचा विद्यार्थ्यांनीं विचार करावा.

पालकांसहि दोन शब्द सांगावेसे वाटतात. घरांत एकच संगणक असेल तर त्यावर मुलांचें खातें निराळें करावें, आणि त्यास ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार देऊं नयेत. मोठ्यांनींहि रोजच्या कामासाठीं साधेंच खातें वापरावें. कचेरीचा पासवर्ड मुलांच्या देखत सांगूं नये व कागदावर लिहून पडद्यास चिकटवूं नये. एखाद्या शिकवणीचें, ग्रंथालयाचें वा खेळाचें खातें मुलाच्या उपयोगाचें राहिलें नसेल, तर तें आठवणीनें बंद करावें. ह्या गोष्टी घरीं पाहिलेलीं मुलें उद्यां कचेरींत गेल्यावर त्यांस त्या निराळ्या शिकवाव्या लागणार नाहींत.

विद्यार्थिमित्रांनो, मोठेपणीं तुमच्या हातींहि अनेक किल्ल्या येतील. त्या मिळाल्या म्हणजे आपला मान वाढला असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु किल्ली ही मानचिन्ह नसून कामापुरती आपणांजवळ ठेवलेली ठेव आहे, आणि ठेव ही परत करण्यासाठींच असते. काम संपल्यावर कोणी मागण्याची वाट न पाहतां जो स्वतः होऊन म्हणतो, 'माझें नांव ह्या यादींतून काढा, मला आतां ह्याचें प्रयोजन नाहीं,' त्याच्या हातीं पुढची मोठी किल्ली देण्यास कोणीहि कचरत नाहीं.